सपाट मुलखाचा सायकलस्वार आणि घाटाचा उतार

भंडारा जिल्ह्यात नागपूरकडून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या परिसरात आयुध निर्माणीच्या निमित्ताने वसलेले जवाहरनगर हे वैनगंगेच्या खोऱ्यातील सपाट मुलखाचे गाव असून, धानाच्या बांध्या, तलाव आणि लांबवर सरळ जाणारे रस्ते असलेल्या या भागात सायकल चालविणाऱ्याला उतार भेटतो तो बहुधा नदीवरील पुलाच्या जोडरस्त्यावर किंवा रेल्वेमार्गावरील उड्डाणपुलावर. जिल्ह्यात अंबागडच्या आणि गायखुरीच्या डोंगररांगा असल्या, तरी रोजच्या जाण्यायेण्याचे रस्ते त्यांना वळसा घालून जातात. त्यामुळे येथील सायकलस्वार उन्हात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात तासन्‌तास पायडल मारण्यात तरबेज होतो, परंतु ब्रेक हे साधन त्याच्या लेखी थांबण्यापुरतेच उरते. हाच स्वार सुटीत मेळघाटातील चिखलदऱ्याला किंवा सह्याद्रीतील एखाद्या घाटात जातो, तेव्हा चढ त्याला दमवतो पण अपाय करत नाही. त्याच्या कौशल्याची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते, आणि तीही नेमकी अशा वेळी, जेव्हा आता कष्ट संपले असे त्याला वाटत असते.

घाटाचा उतार सपाटीवरच्या उतारापेक्षा किती वेगळा असतो, हे रस्तेबांधणीच्या मानकांवरून स्पष्ट होते. इंडियन रोड्स काँग्रेस ही देशातील रस्त्यांची मानके ठरविणारी संस्था मैदानी प्रदेशात सर्वसाधारणपणे 30 मीटर अंतराला 1 मीटर इतकाच चढ-उतार असावा असे सांगते, तर डोंगराळ मुलखात हे प्रमाण 20 मीटरला 1 मीटर असे धरते, आणि अतिशय उभ्या डोंगरांत अपवाद म्हणून शेकडा 8 पर्यंत, म्हणजे 100 मीटर अंतरात 8 मीटर घसरण होईल इतका उतार चालवून घेते. जुन्या घाटांतील काही वळणे याहूनही उभी आहेत, कारण ती मोटारी येण्यापूर्वीच्या वाटांवरून काढलेली आहेत. शेकडा 3 आणि शेकडा 8 हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. मात्र शेकडा 8 च्या उतारावर सायकल नुसती सोडून दिली आणि स्वार ताठ बसला, तर सायकलीसह 80 किलो भरणारा स्वार ताशी 50 किलोमीटरच्या आसपास पोहोचतो, आणि तोच हँडलवर वाकला तर 65 च्या घरात जातो. सपाट रस्त्यावर हा वेग गाठण्यासाठी शर्यतीतल्या स्वारालाही जिवाचे रान करावे लागते. घाटात तो पाय न हलविता मिळतो.

हा वेग येतो कोठून आणि जातो कोठे, याचा हिशेब समजला म्हणजे उतारावरचे निम्मे शास्त्र समजले. परतवाड्याच्या सपाटीपासून सुमारे 1118 मीटर उंचीवरील चिखलदऱ्यापर्यंत रस्ता साधारण 700 मीटर चढतो. 80 किलो वजन 700 मीटर खाली येते तेव्हा सुमारे साडेपाच लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि एवढ्या ऊर्जेत पावणेदोन लिटरपेक्षा थोडे अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येईल. या ऊर्जेला बाहेर पडायला मुख्य वाटा दोनच : एक हवेचा विरोध, दुसरी ब्रेक. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. त्यामुळे वेगाने जाणाऱ्या स्वाराची बरीचशी ऊर्जा वारा शोषून घेतो, तर सावकाश उतरणाऱ्याची जवळजवळ सगळी ऊर्जा चाकाच्या रिममध्ये किंवा डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. वर सांगितलेल्या शेकडा 8 च्या उतारावर ब्रेक सर्वाधिक वेगाने तापतात ते भरधाव असताना नव्हे आणि पायी चालण्याच्या गतीनेही नव्हे, तर ताशी 30 किलोमीटरच्या आसपास. या वेगाला ब्रेकमध्ये सतत तीनशे वॅटहून अधिक उष्णता निर्माण होत राहते. भ्यालेला स्वार नेमका हाच वेग पसंत करतो आणि दोन्ही ब्रेक अर्धवट दाबून संपूर्ण घाट उतरतो. रिमवर घासणारे रबर मऊ पडते, रिमची उष्णता ट्यूबपर्यंत जाते, ट्यूबमधील हवेचा दाब वाढतो, आणि क्वचित ट्यूब फुटते; डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन पकड सुटते. बोटे आखडतात ती वेगळीच. म्हणून जाणकार स्वार सरळ टप्प्यावर, समोरचा रस्ता पुरेसा दिसत असेल तेथे, ब्रेक मोकळे ठेवून वाऱ्याला काम करू देतात, आणि वळण येण्यापूर्वी थोड्या अंतरात ठामपणे ब्रेक दाबून वेग उतरवतात. दोन दाबण्यांमध्ये सोडण्याचे अंतर असल्याने रिमला थंड होण्यास अवधी मिळतो. ज्याला वेगाची भीती वाटते त्याने भीतीशी भांडत बसू नये. अर्ध्या घाटात, रस्त्याच्या कडेला पुरेशी जागा पाहून पाच-दहा मिनिटे थांबावे, आणि तापलेल्या रिमला किंवा डिस्कला हात लावून पाहण्याचा मोह टाळावा.

ब्रेकविषयी आपल्याकडे एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो असा की पुढचा ब्रेक दाबला की स्वार हँडलवरून डोक्यावर पडतो, आणि म्हणून लहान मुलांना मागचाच ब्रेक वापरायला शिकवले जाते. या समजात अर्धे सत्य आहे, आणि सपाट मुलखात मागच्या ब्रेकवर भागत असल्याने उरलेले अर्धे कधी तपासलेच जात नाही. वेग कमी होऊ लागला की स्वाराचे वजन पुढच्या चाकावर सरकते आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावरील पकड कमी, त्यामुळे जोरात दाबलेला मागचा ब्रेक सायकल थांबवण्याऐवजी चाक अडकवतो आणि ते घसरू लागते. उतारावर पुढची बाजू आधीच खाली झुकलेली असल्याने हे आणखी लवकर घडते. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. मात्र तो एकदम न आवळता क्रमाक्रमाने घट्ट करावा लागतो, आणि त्याच वेळी कंबर सीटच्या मागच्या बाजूला सरकवून, कोपरे किंचित वाकवून, वजन मागे व खाली घ्यावे लागते. डोक्यावरून पडणारे बहुधा हात ताठ ठेवून पुढे कललेले असतात. दोष ब्रेकच्या जागेचा नसून बसण्याचा असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या सायकलींना पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, पण बाहेरून आलेल्या किंवा दुसऱ्याकडून घेतलेल्या सायकलीला तो डावीकडे असू शकतो. अनोळखी सायकल घेऊन घाटात शिरण्यापूर्वी हे पाहून घेणे अगत्याचे आहे.

थांबायला किती अंतर लागते, याचाही अंदाज मनाशी असावा. धोका दिसल्यावर हात ब्रेकपर्यंत जाऊन तो प्रत्यक्ष लागेपर्यंत साधारण एक सेकंद धरला आणि ब्रेक बेताने दाबला, तर ताशी 40 किलोमीटर वेगाची सायकल सपाट रस्त्यावर सुमारे 32 मीटरमध्ये थांबते. शेकडा 8 च्या उतारावर तिला 39 मीटरच्या आसपास लागतात. तोच वेग 20 असेल तर उतारावरही 13 मीटर पुरतात. वेग अर्धा केल्याने अंतर एक तृतीयांश होते, हे ध्यानात घेतले म्हणजे वेगाची मर्यादा स्वाराच्या धाडसावरून न ठरता समोर किती रस्ता दिसतो त्यावरून ठरते. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आले पाहिजे. धुके, पाऊस, झाडांची दाट सावली किंवा आंधळे वळण आले की दिसणारा रस्ता आखूड होतो आणि वेगही त्याच मापाने आखडावा लागतो.

वळण हा उताराचा सर्वांत अवघड भाग, आणि त्याचे बहुतेक सगळे काम वळणाच्या आधी उरकायचे असते. टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. तीच पकड सायकल वळवण्यासाठीही वापरली जाते आणि थांबवण्यासाठीही. वळताना कललेल्या अवस्थेत ब्रेक दाबला, तर दोन्ही मागण्या एकदम येतात आणि पकड संपते. म्हणून वेग सरळ रेषेत असतानाच उतरवायचा, आणि वळणात शिरताना ब्रेक सोडलेले किंवा अगदी हलके ठेवलेले असायचे. घाटातील केसपिनेसारख्या उलट्या वळणांच्या आतल्या कडेची त्रिज्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार किमान 14 मीटर असते आणि ती ताशी 20 किलोमीटर वेग गृहीत धरून आखली जातात. कोरड्या, स्वच्छ डांबरावर 15 मीटर त्रिज्येचे वळण अनुभवी स्वार ताशी 27-28 किलोमीटरने सुखरूप घेऊ शकतो; त्याच वळणावर खडी किंवा ओल असेल तर सुरक्षित वेग 20 च्याही खाली येतो. सरळ टप्प्यावर 50 चा वेग असलेल्या स्वाराला प्रत्येक उलट्या वळणापूर्वी जवळजवळ निम्मा, आणि खडी किंवा ओल असेल तर निम्म्याहून अधिक वेग टाकून द्यावा लागतो, एवढा याचा अर्थ.

शरीराची ठेवण कशी असावी, हे आता सांगता येईल. उजवीकडे वळताना डावे पायडल खाली आणि डावीकडे वळताना उजवे पायडल खाली, म्हणजे नेहमी वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवून त्यावर वजन टाकावे. यामुळे आतले पायडल रस्त्याला घासत नाही आणि टायरवर वजन नीट बसते. वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल असेल तर हात हँडलच्या खालच्या वळणात असावेत, कारण तेथून ब्रेकची पकड मजबूत बसते. सरळ हँडल असेल तर कोपरे वाकवून छाती जरा खाली आणावी. नजर पुढच्या चाकासमोरच्या खड्ड्यावर खिळवू नये. ती वळणातून जेथे बाहेर पडायचे त्या दिशेला असावी. सायकल नजरेमागे जाते, आणि कठड्याकडे टक लावून पाहणारा कठड्याकडेच जातो.

परदेशी पुस्तकांत वळण घेण्याची रीत बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी सांगितलेली असते, आणि ती बंद रस्त्यावरील शर्यतीसाठी योग्यच आहे. आपल्या घाटांत मात्र ती जशीच्या तशी लागू करणे घातक ठरते. आपण डावीकडून चालतो. उजव्या वळणावर स्वार बाहेरच्या, म्हणजे मोठ्या त्रिज्येच्या बाजूला असल्याने आतून काटून जाण्याचा मोह होतो, आणि तेथेच वर चढणाऱ्या ट्रकचे किंवा एसटीचे तोंड समोर येते, कारण लांब गाड्यांना उलटे वळण घेताना रस्त्याची पलीकडची बाजू वापरावीच लागते. डाव्या वळणावर याच्या उलट अडचण असते : कडेला चिकटून जाणाऱ्याला सर्वांत आखूड त्रिज्या मिळते, आणि खडी, माती, पालापाचोळाही तेथेच साचलेला असतो. त्यामुळे डाव्या वळणापूर्वी मागे वळून पाहून आपल्याच अर्ध्या रस्त्याच्या मध्यावर यावे आणि तेथून वळावे, हेच शहाणपणाचे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. सायकलस्वार त्याला अपवाद नाही. उतरणाऱ्या बसच्या पाठीमागे चिकटून जाणे तर सर्वथा टाळावे, कारण बस समोरचे खड्डे झाकते आणि तिचे ब्रेक सायकलीपेक्षा लवकर लागतात.

रस्त्याच्या पृष्ठभागाकडे पाहण्याची सवय मात्र जवाहरनगर परिसरातल्या स्वाराला आधीपासून असते, आणि घाटात ती कामी येते. वैनगंगेच्या काठाने धावणाऱ्या टिप्परमधून वळणावर सांडलेली रेती, सुगीत रस्त्यावर पसरलेली तणस, ट्रॅक्टरच्या चाकांनी बांधीतून आणलेला चिखल, यांवरून सायकल कशी सटकते हे त्याला ठाऊक असते. मेळघाटाच्या बाजूला यांच्या जागी सागाची वाळलेली पाने, गुरांचे शेण आणि रस्ता ओलांडणारी वानरे येतात. सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळ आणि दरडीतून सुटलेले दगड येतात. याशिवाय घाटाच्या पायथ्याच्या गावांत रंग न दिलेले गतिरोधक आणि रस्त्याच्या मध्यरेषेवर ठोकलेले चमकते खिळे अंधारात चाकाला हिसका देतात. उन्हाळ्यातील विदर्भाचे डांबर हा आणखी एक धोका. 14 जुलै 2003 रोजी तूर द फ्रान्स या शर्यतीत गाप शहराकडे उतरताना स्पेनचा खोसेबा बेलोकी हा नामवंत स्वार उन्हाने वितळलेल्या डांबरावर घसरून पडला, त्याच्या मांडीचे हाड मोडले, आणि पुढे त्याला पूर्वीची लय कधीच सापडली नाही. जगातील निवडक स्वारांपैकी एकाची आल्प्सच्या उन्हात ही गत झाली. विदर्भातील मे महिन्यात दुपारी घाट उतरण्याचा बेत करणाऱ्याने पहाटेची वेळ निवडावी, हे वेगळे सांगायला नको.

मराठी सायकलजगताने मान दिला तो चढाला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. घाट उत्तम उतरणाऱ्यासाठी असा किताब नाही, आणि नसलेलाच बरा. उतारावर चढाओढ लावण्याची किंमत व्यावसायिक शर्यतींनी मोजली आहे. 2023 च्या जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या गिनो मेडरचा तूर द स्विस शर्यतीत आल्बुला खिंड उतरताना झालेल्या अपघातानंतर मृत्यू झाला. त्याआधी 2021 मध्ये जागतिक सायकल महासंघाने सीट सोडून पुढच्या आडव्या दांड्यावर बसून उतरण्याच्या पद्धतीवर बंदी घातली होती, कारण त्या बसण्याने हवेचा विरोध घटत असला तरी सायकलीवरील ताबा सुटतो. दूरदर्शनवर जुन्या शर्यती पाहून ही बैठक उचलणारी मुले अजून दिसतात.

उतार हे वेगळे कौशल्य असले तरी ते डोंगरात जन्मलेल्यांचाच वारसा आहे असे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत एकट्याने, 12 दिवसांच्या आत पूर्ण केली. या शर्यतीत सुरुवातीलाच कॅलिफोर्नियातील बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटाकडे सुमारे 1000 मीटर कोसळणारा उतार लागतो, आणि पुढे रॉकी पर्वतातील 3300 मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड ओलांडून खाली यावे लागते. विदर्भाच्या सपाटीवरचा स्वार हे करू शकतो, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

सरावासाठी पुलाचा जोडरस्ता पुरेसा आहे. पहाटे रहदारी नसताना तेथून उतरताना एखादी ठरावीक खूण धरून, तिच्यापाशी पोहोचेपर्यंत वेग निम्मा करण्याचा, आणि तो मुख्यतः पुढच्या ब्रेकने करण्याचा सराव करावा. हात पक्का झाला की रामटेकच्या गडावर जाणाऱ्या डोंगररस्त्यासारखा लहान घाट, आणि मग चिखलदरा. जो रस्ता उतरायचा तो आधी सायकलनेच चढून जावा, हा जुन्या स्वारांचा सल्ला अनुभवाचा आहे, कारण चढताना सावकाश गतीत प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळणावरची खडी डोळ्यांखालून जाते. जीपमध्ये सायकल टाकून वर नेणाऱ्याला ही माहिती मिळत नाही.

वेग वाढल्यावर कधी कधी हँडल आपोआप थरथरू लागते आणि थरथर वाढत जाते. अशा वेळी हँडल आवळून धरल्याने ती बळावते. पकड सैल करून, सायकलीचा आडवा दांडा दोन्ही गुडघ्यांत दाबून, सीटवरचे वजन थोडे उचलून हळूहळू वेग कमी केल्यास ती थांबते. हँडलचे बेअरिंग ढिले असणे किंवा चाक आउट असणे ही तिची नेहमीची कारणे, आणि दोन्ही सायकल दुकानात थोडक्या वेळात दुरुस्त होतात. दुकानदार साखळीला तेल सोडताना ते डिस्कवर किंवा रिमवर उडणार नाही, यावर मात्र लक्ष ठेवावे. तेल लागलेला ब्रेक दाबूनही धरत नाही.

जुन्या काळ्या सायकलीचा प्रश्न वेगळा आहे. तिचे दांड्याचे ब्रेक पोलादी रिमवर घासतात, आणि पोलादी रिम ओली झाली की त्यांची पकड इतकी घटते की दांडा पूर्ण ओढूनही सायकल पुढेच जात राहते. कारखान्याच्या पाळीला जाण्यासाठी ही सायकल आजही उत्तम आहे. पावसात घाट उतरण्यासाठी ती नाही, डबल सीट तर मुळीच नाही. तिच्याच नव्हे, कोणत्याही सायकलीच्या ब्रेकचे रबर खाचा बुजेपर्यंत झिजले असेल, वायरचा एखादा धागा सुटला असेल किंवा टायरचे आतले कापड दिसू लागले असेल, तर त्या दिवशी डोक्यावर हेल्मेट असो वा नसो, सायकलवरून उतरून ती हाताने धरून घाट पायी उतरावा.